मोजून टाकलेली पावले

शिकागो विद्यापीठाच्या जुन्या फुटबॉल मैदानात प्रेक्षकांच्या सज्जाखाली रॅकेट खेळण्याची एक बंदिस्त जागा होती. २ डिसेंबर १९४२ च्या सकाळी, कडाक्याच्या थंडीत, तेथे चाळीसएक माणसे ओव्हरकोट घालून उभी होती. समोर काळ्या ग्रॅफाइटच्या विटांचा प्रचंड ढीग रचलेला होता. त्यातून एक लांब कांडी थोडी थोडी बाहेर ओढली जाई. मापकांची टिकटिक वाढे, काही मिनिटांत एका पातळीवर स्थिरावे, आकडे टिपले जात आणि मग कांडी आणखी थोडी बाहेर येई. साडेअकराच्या सुमारास मोठा आवाज झाला. सुरक्षेसाठी लावलेली एक कांडी आपोआप आत कोसळली आणि टिकटिक थांबली. बिघाड काही नव्हता. किती पातळीला ती कांडी पडावी याची खूण जरा जास्तच खाली ठेवली गेली होती, एवढेच. ती खूण वर सरकवून लगेच पुढे जाता आले असते. महायुद्ध चालू होते, जर्मन शास्त्रज्ञ आपल्या पुढे असतील ही धास्ती प्रत्येकाच्या मनात होती. प्रयोगाचे सूत्रधार एन्रिको फर्मी यांनी मात्र जेवणाची सुट्टी जाहीर केली. सगळ्या कांड्या आत सारून कुलूपबंद झाल्या, आणि जगातील पहिली अणुभट्टी पेटण्याच्या बेतात असताना मंडळी जेवायला निघून गेली.

फर्मींना ठरल्या वेळी जेवायची सवय होती, असे त्यांचे सहकारी पुढे हसत हसत सांगत. ते खरेच असणार. पण ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक गोष्ट आधी मोजली आणि मगच पुढचे पाऊल टाकले, त्याच्या दृष्टीने ती सुट्टी प्रयोगाचाच भाग होती.

एन्रिको यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०१ रोजी रोममध्ये झाला. वडील रेल्वे खात्यात अधिकारी, आई शाळाशिक्षिका. तीन भावंडांत ते धाकटे. एका वर्षाने मोठा असलेला भाऊ जुलिओ हाच त्यांचा सवंगडी. दोघे मिळून विजेच्या मोटारी बनवीत. १९१५ साली जुलिओच्या घशावर एक किरकोळ शस्त्रक्रिया करायची ठरली. काळजीचे कारण नाही, असे सर्वांनी गृहीत धरले होते. भूल दिल्यावर तो उठलाच नाही. आईने ते दुःख शेवटपर्यंत उराशी बाळगले. तेरा वर्षांच्या एन्रिकोने पुस्तकांचा आधार घेतला. रोमच्या जुन्या बाजारात, काम्पो दे फिओरीच्या चौकात, त्याला भौतिकशास्त्रावरील दोन जीर्ण खंड मिळाले. ते लॅटिनमध्ये आहेत हे वाचता वाचता त्याच्या ध्यानातही आले नाही, अशी आठवण त्याच्या बहिणीने सांगून ठेवली आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. पिसा येथील नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत ध्वनीवरील निबंधात या मुलाने कंप पावणाऱ्या सळईचे समीकरण मांडून सोडवले, तेव्हा परीक्षक चक्रावले. १९२२ मध्ये पदवी, १९२६ मध्ये कणांच्या वर्तनाचे सांख्यिकी नियम आणि त्याच वर्षी, वयाच्या पंचविशीत, रोम विद्यापीठात सैद्धांतिक भौतिकीचे अध्यासन. पानिस्पेर्ना रस्त्यावरच्या त्या संस्थेत फर्मींभोवती जमलेल्या तरुणांनी, म्हणजे रासेट्टी, सेग्रे, आमाल्दी, मायोराना आणि सर्वांत धाकटा पोंतेकोर्व्हो यांनी, त्यांचे नाव पोप ठेवले होते. पोपची चूक होत नसते, हा त्यातला विनोद. केंब्रिजच्या शिष्यवृत्तीवर युरोपात फिरणारे तरुण होमी भाभाही त्या काळात रोमला येऊन फर्मींकडे काम करून गेले.

त्या वेळी भौतिकशास्त्रात हिशेबाचा एक घोळ सुटत नव्हता. काही किरणोत्सारी अणू इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात; त्याला बीटा क्षय म्हणतात. अणूने गमावलेली ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनने नेलेली ऊर्जा यांचा ताळा जुळेना. दर वेळी थोडी ऊर्जा कुठेतरी नाहीशी होई. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच इथे लागू नसावा, असे मानण्यापर्यंत नील्स बोर यांच्यासारखे ज्येष्ठ आले होते. डिसेंबर १९३० मध्ये वोल्फगांग पाउली यांनी एका परिषदेला पाठवलेल्या पत्रात वेगळाच तोडगा सुचवला : विद्युतभार नसलेला, जवळजवळ वजनही नसलेला एक कण ही ऊर्जा घेऊन निसटत असावा. स्वतः पाउलींनाही या कल्पनेचा थोडा संकोच वाटत होता. त्यांनी त्या कणाला न्यूट्रॉन म्हटले होते. पण १९३२ मध्ये चॅडविक यांनी शोधलेल्या जड कणाने ते नाव घेतले. तेव्हा आमाल्दींनी थट्टेने लघुत्वदर्शक इटालियन प्रत्यय लावून पाउलींच्या कणाला न्यूट्रिनो म्हटले. फर्मींनी तेच नाव रूढ केले.

१९३३ च्या नाताळात आल्प्सच्या उतारांवर बर्फावरची घसरण झाल्यावर संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पलंगावर दाटीवाटीने बसलेल्या मित्रांना फर्मींनी आपला नवा सिद्धांत समजावून सांगितला. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो अणुकेंद्रात आधीपासून दडलेले नसतात. न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होताना ते त्याच क्षणी जन्म घेतात, असा त्याचा गाभा होता. निसर्गातील एका नव्या बलाची ही पहिली मांडणी. लंडनच्या नेचर नियतकालिकाने मात्र वास्तवापासून फार दूरच्या कल्पना म्हणून लेख परत केला आणि तो इटालियन व जर्मन नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. संपादकांना अगदीच दोष देता येत नाही. हा कण सबंध पृथ्वी आरपार ओलांडून जाईल आणि तो कुणाला कधी दिसण्याची आशा नाही, असा हिशेब त्याच वर्षी दोन नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनी मांडला होता.

१९३४ मध्ये फर्मी प्रयोगांकडे वळले. एकामागून एक मूलद्रव्यांवर न्यूट्रॉनचा मारा करता करता ऑक्टोबरमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली : लाकडी टेबलावर केलेला प्रयोग संगमरवरी टेबलावरच्या प्रयोगाहून जास्त किरणोत्सार देई. फर्मींनी मध्ये मेणाचा ठोकळा ठेवला आणि मापक वेड्यासारखे टिकटिकू लागले. मेणातील हायड्रोजनवर आपटून न्यूट्रॉन मंद होतात आणि मंद न्यूट्रॉन अणुकेंद्रात अधिक सहज शिरतात, हे उत्तर त्यांनी दुपारच्या जेवणाच्या वेळेत शोधले. संध्याकाळी संस्थेच्या बागेतल्या सोनमाशांच्या हौदात पाण्यानेही तेच होते का, याची खात्री करून घेतली. अणुभट्टीतील मंदायकाचे तत्त्व ते हेच.

आणि याच सुमारास पोपची चूक झाली. युरेनियमवर मारा केल्यावर जे नवे किरणोत्सारी पदार्थ मिळाले, ते युरेनियमपलीकडची नवी मूलद्रव्ये आहेत असा निष्कर्ष निघाला. युरेनियमचा अणू फुटून त्याचे मोठे तुकडे झाले असतील, ही शंका इडा नोडाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ महिलेने त्याच वर्षी लेखी नोंदवली होती. तिच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. काही प्रयोगांत नको असलेले किरण अडवण्यासाठी युरेनियमवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा गुंडाळलेला होता, त्याने ते तुकडेही अडवले. १९३४ मध्ये मुसोलिनीच्या रोममध्ये विखंडनाचा शोध लागला असता तर पुढचे दशक कसे गेले असते, याची कल्पना करवत नाही. मुसोलिनीने स्थापन केलेल्या अकादमीचे सभासदत्व फर्मींनी स्वीकारले होते आणि पक्षाचेही. राजकारणाचा त्यांना कंटाळा होता. पण अशा राजवटीत कंटाळ्याची किंमत कधीतरी मोजावी लागतेच. १९३८ मध्ये इटलीत वंशभेदाचे कायदे आले. पत्नी लॉरा ज्यू कुटुंबातल्या. डिसेंबरमध्ये नोबेल पारितोषिक घ्यायला स्टॉकहोमला गेलेले हे कुटुंब परतलेच नाही. २ जानेवारी १९३९ रोजी ते न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले. त्याच महिन्यात बर्लिनच्या हान आणि स्ट्रासमन यांचा शोध अमेरिकेत कळला. युरेनियमचा अणू खरोखरच फुटत होता. नोबेल व्याख्यान छापताना फर्मींना त्यात तशी तळटीप घालावी लागली.

विखंडनात आणखी न्यूट्रॉन बाहेर पडले तर साखळी प्रक्रिया होऊ शकेल, हे लिओ झिलार्ड यांनी हेरले आणि संशोधन गुप्त ठेवण्याचा आग्रह धरला. फर्मींना ती शक्यता दूरची वाटत होती. इसिडोर राबी यांनी त्यांना विचारले की दूरची म्हणजे किती. फर्मींनी थोडा विचार करून शंभरात दहा असा आकडा दिला. राबींचे म्हणणे असे की, ज्या गोष्टीने आपण मरू शकतो, तिची शक्यता शंभरात दहा असेल तर तिला दूरची म्हणता येत नाही. डॉक्टरने न्युमोनियाच्या रोग्याला हाच आकडा सांगितला तर रोगी घाबरेलच. जोखमीच्या शास्त्रावर पुढे जाडजूड ग्रंथ झाले, पण त्यातला मुख्य मुद्दा या दोघांच्या बोलण्यात आला आहे : शक्यता किती हे एक, आणि घडलेच तर काय हे दुसरे. फर्मी पहिल्या गोष्टीत अजोड होते. दुसरी ते हळूहळू शिकले.

शिकागोचा प्रयोग मुळात शहराबाहेरच्या आरगॉन जंगलात व्हायचा होता. तिथले बांधकाम कामगारांच्या तंट्यात अडकले. तेव्हा भट्टी गावातच उभारावी, असे फर्मींनी प्रकल्पप्रमुख आर्थर कॉम्प्टन यांना सुचवले आणि त्यांनी होकार दिला. विद्यापीठाच्या अध्यक्षांना विचारलेच नाही. विचारले असते तर त्यांना नाही म्हणावे लागले असते, हे कॉम्प्टन जाणून होते. तीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात, किरणांना अडवणारी भिंत नसलेली आणि थंड करण्याची सोय नसलेली भट्टी रचली जात होती आणि शहराला त्याचा पत्ता नव्हता. धोक्याचा अंदाज बांधणारा आणि धोका पत्करणारा माणूस एकच होता. आज कोणतेही नियामक मंडळ याला परवानगी देणार नाही, आणि देऊही नये.

पण फर्मी मोघम विश्वासावर चालले नव्हते. विखंडनातील बहुतेक न्यूट्रॉन तत्क्षणी बाहेर पडतात. शेकड्याला एकाहूनही कमी न्यूट्रॉन काही सेकंद रेंगाळून येतात. या रेंगाळणाऱ्यांमुळे प्रक्रियेची वाढ मंद राहते आणि माणसाला हात हलवायला वेळ मिळतो. सगळा भरवसा या मूठभर न्यूट्रॉनवर होता. प्रत्येक थर रचल्यावर मोजमाप घेतले जाई आणि कितव्या थराला प्रक्रिया स्वबळावर चालू लागेल, याचा आलेख फर्मी पुढे नेत. सुमारे साडेतीनशे टन ग्रॅफाइट आणि त्यात पेरलेले युरेनियम असा ५७ थरांचा ढीग १ डिसेंबरच्या रात्री पूर्ण झाला. त्या पाळीवर हर्बर्ट अँडरसन होते. कांड्या बाहेर ओढल्या तर भट्टी आत्ताच सुरू होईल, हे त्यांना ठाऊक होते आणि मोहही झाला होता. फर्मींनी त्यांच्याकडून आधीच वचन घेतले होते. त्यांनी कांड्यांना कुलूप घातले आणि ते झोपायला गेले.

सुरक्षेची व्यवस्था एकावर एक चढवलेली होती. न्यूट्रॉन गिळणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या. त्यांतली एक आपोआप पडणारी. दुसरी दोराने बांधून वर धरलेली आणि दोर तोडायला कुऱ्हाड घेतलेला माणूस बाजूला उभा. हेही सगळे फसले तर ढिगाच्या माथ्याजवळ तिघे तरुण कॅडमियमच्या क्षाराचे पाणी घेऊन बसलेले; त्यांनी ते ढिगावर ओतायचे. कुऱ्हाडीचा भाग आज विनोदी वाटतो. तत्त्व मात्र तसेच राहिले : एका उपायावर विसंबायचे नाही आणि दुसरा उपाय पहिल्यासारखाच नसावा. गोवा आणि बेळगावच्या वाचकांना परिचित असलेल्या, कारवार तालुक्यातील काळी नदीकाठच्या कैगा अणुवीज केंद्रातही भट्टी तातडीने बंद करणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. एकीत वरून पडणाऱ्या कॅडमियमच्या कांड्या, दुसरीत न्यूट्रॉन शोषणारे द्रव.

जेवणानंतर दोनच्या सुमारास मंडळी परतली. जॉर्ज वाइल यांनी शेवटची कांडी पुन्हा थोडी थोडी ओढायला सुरुवात केली. प्रत्येक वेळी फर्मी आपल्या स्लाइड रूलवर हिशेब करीत आणि टिकटिक कुठे थांबेल ते आधीच सांगत. ती तिथेच थांबे. साडेतीनच्या सुमारास ती थांबली नाही, चढतच राहिली. फर्मींनी स्लाइड रूल मिटवला. काही मिनिटे त्यांनी प्रक्रिया चालू ठेवली आणि मग भट्टी बंद करायला सांगितली. निर्माण झालेली शक्ती होती अर्धा वॅट. हातविजेरीचा दिवाही त्यात नीट पेटला नसता. युजीन विग्नर यांनी आणलेली इटालियन मद्याची बाटली कागदी पेल्यांतून वाटली गेली. भाषण कुणी केले नाही.

हिशेबाबाहेरची गोष्ट पुढे हॅनफर्ड येथे भेटली. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीकाठी प्लुटोनियमसाठी बांधलेल्या प्रचंड भट्टीत पहिले इंधन फर्मींच्याच हाताने घातले गेले. कागदोपत्री त्यांचे नाव तेव्हा हेन्री फार्मर होते. सप्टेंबर १९४४ च्या अखेरीस भट्टी सुरू झाली, शक्ती वाढली आणि काही तासांनी, कुणी हात न लावता, घसरू लागली. भट्टी निपचित पडली, आणि मग कित्येक तासांनी आपोआप पुन्हा जिवंत झाली. जॉन व्हीलर आणि फर्मी यांनी कारण शोधले : विखंडनाच्या राखेतून तयार होणारा झेनॉन वायूचा एक प्रकार न्यूट्रॉन अधाशासारखे गिळत होता आणि नऊएक तासांत निम्मा नष्ट होत होता. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे भट्टीला १५०० इंधन-नळ्या पुरेशा होत्या. बांधकाम करणाऱ्या ड्यूपाँ कंपनीच्या अभियंत्यांनी मात्र कोपऱ्यांत आणखी ५०४ नळ्यांची जागा ठेवण्याचा हट्ट धरला होता. तेव्हा तो हट्ट शास्त्रज्ञांना उगाचचा खर्च वाटला. आता त्याच नळ्यांत इंधन भरून भट्टी चालली. जे अजून कळलेले नाही त्यासाठी शिल्लक ठेवायची असते, हे फर्मींच्या गणितात नव्हते, अभियंत्यांच्या सवयीत होते. याच झेनॉनचा १९८६ च्या चेर्नोबिल अपघाताच्या रात्रीही मोठा वाटा होता.

लॉस अलामोसमधील फर्मींचे वर्तन एकाच मापाने मोजता येत नाही. जुलै १९४५ मध्ये पहिल्या अणुचाचणीच्या आदल्या संध्याकाळी, स्फोटाने वातावरणच पेटेल का आणि पेटले तर नुसते न्यू मेक्सिको जळेल की सगळे जग, यावर ते सहकाऱ्यांशी पैजा लावत फिरत होते, सेनाधिकारी वैतागले. वातावरण पेटणार नाही, हे हिशेबाने आधीच दाखवले गेले होते. तरी ही थट्टा त्या माळरानावर कुणाच्या मनाला स्पर्शून गेली नसेल, असे नाही. पहाटे स्फोटाची लाट येताच त्यांनी कागदाचे कपटे हातातून सोडले, ते सुमारे अडीच मीटर दूर पडले, त्यावरून स्फोटाची ताकद दहा हजार टनांची असावी असा अंदाज केला. खरी ताकद त्याच्या दुपटीहून अधिक निघाली. त्याआधी महिनाभर, बॉम्बच्या लष्करी वापराला पर्याय दिसत नाही, अशी शिफारस करणाऱ्या चार शास्त्रज्ञांत फर्मी होते. त्यांना त्या शिफारशीपासून वेगळे काढता येणार नाही.

पुढे त्यांचा सूर बदलला. प्लुटोनियमच्या गोळ्यावर हाताने प्रयोग करणाऱ्या तरुण लुई स्लोटिन यांना, असेच करत राहिलात तर वर्षभरात मराल, असे फर्मींनी बजावले होते, असे सांगितले जाते. मे १९४६ मध्ये स्क्रू-ड्रायव्हर निसटला आणि नऊ दिवसांनी स्लोटिन गेले. १९४९ मध्ये हायड्रोजन बॉम्बचा प्रश्न आला तेव्हा फर्मी आणि राबी यांनी, शंभरात दहावरून एकदा वाद घातलेल्या याच दोघांनी, मिळून वेगळे टिपण लिहिले : ज्या शस्त्राच्या संहाराला मर्यादाच नाही, ते कोणत्याही नजरेतून दुष्टच ठरते. सरकारने ऐकले नाही. फर्मींनी नंतर त्या कामातही काही काळ हिशेब करून दिले.

शिकागोत त्यांची शेवटची वर्षे अध्यापनात आणि वैश्विक किरणांच्या चिंतनात गेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यासोबत त्यांनी आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्रांवर काम केले. १९५१ मध्ये लॉस अलामोसमध्ये फ्रेडरिक राइन्स नावाचा तरुण त्यांच्याकडे आला. न्यूट्रिनो प्रत्यक्ष पकडायचा होता. त्यासाठी अणुबॉम्बचा स्फोट घडवून जवळच्या विवरात मापक सोडायचे, असा त्याचा बेत होता. फर्मींनी बॉम्ब हा चांगला स्रोत आहे हे मान्य केले. वर्षभरात राइन्स आणि क्लाइड कोवन यांना, त्यापेक्षा अणुभट्टीजवळ शांतपणे थांबून मोजलेले बरे, हे उमगले. फर्मींनी पत्र लिहून त्याला दुजोरा दिला.

१९५४ च्या शरद ऋतूत शिकागोच्या डॉक्टरांनी फर्मींचे पोट उघडले आणि कर्करोग हाताबाहेर गेल्याचे पाहून पुन्हा शिवले. भेटायला आलेल्या सेग्रेंना ते पलंगावर पडून, नळीतून पोटात जाणाऱ्या द्रवाचे थेंब घड्याळ लावून मोजताना दिसले. किती आहार आत जातो त्याचा हिशेब चालला होता. २८ नोव्हेंबर १९५४ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते गेले.

जून १९५६ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील सव्हाना नदीकाठच्या अणुभट्टीपासून अकरा मीटरवर, जमिनीखाली, राइन्स आणि कोवन यांच्या यंत्राने न्यूट्रिनो टिपला. भट्टीतून अब्जावधींनी बाहेर पडणाऱ्या या कणांपैकी तासाला दोन-तीनच सापडत. त्यातला एखादा पाण्यातील प्रोटॉनवर आदळला की न्यूट्रॉन तयार होई, तो भरकटत मंद होई आणि काही दशलक्षांश सेकंदांनी गिळला जाऊन प्रकाशाची खूण सोडून जाई. त्यासाठी टाक्यांतील पाण्यात सुमारे ४० किलो कॅडमियम क्लोराइड विरघळवलेले होते. १४ जूनला दोघांनी पाउलींना तार केली.